त्या फोटोतल्या बाई सरन्यायाधीश नव्हत्या
व्हॉट्सअ‍ॅपवर एक कृष्णधवल फोटो फिरतोय: १९६३मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येनंतर विमानात त्या पदाची शपथ घेणारे उपराष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन. खाली मजकूर, 'शपथ देणाऱ्या बाई अमेरिकेच्या सरन्यायाधीश'. साफ चूक. सरन्यायाधीश तेव्हा अर्ल वॉरन होते. या सारा ह्यूज, डॅलसच्या संघीय जिल्हा न्यायालयाच्या, म्हणजे प्रत्यक्ष खटले चालवणाऱ्या कोर्टाच्या न्यायाधीश. दिवसा वॉशिंग्टनमध्ये पोलिसाची नोकरी, रात्री कायद्याचे वर्ग, असं शिकलेल्या. १९३५मध्ये टेक्सासमध्ये राज्य न्यायाधीश झाल्या. १९६१मध्ये संघीय न्यायालयावर नेमलं ते केनेडींनीच. वय ६५, म्हणून वकिलांच्या संघटनेनं नाक मुरडलं होतं! आणि हो, ठिपक्यांच्या ड्रेसमधल्या ह्यूजबाईंच्या हातात बायबलही नाही. ते विमानात सापडलेलं कॅथलिक प्रार्थनापुस्तक आहे.