सदऱ्याची किंमत आणि चळवळीचा निधी: फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या काही आठवड्यांपासून नाशिकमधील अनेक व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचे निमित्त गंगापूर रोडवरच्या एका लहानशा कापडविक्रीचे आहे. पाच-सहा तरुणांनी हातमागाच्या सुती कापडाचे सदरे आणि कुर्ते शिवून घेतले, ते विक्रीला मांडले आणि होणाऱ्या नफ्यातील काही भाग पेठ व सुरगाणा तालुक्यांतील वनहक्काच्या, म्हणजे आदिवासी कसत असलेल्या वनजमिनीवरील हक्काच्या, फेटाळलेल्या दाव्यांवर अपिले करण्यासाठी देऊ, असे जाहीर केले. संदेशकर्त्याच्या मते हा चळवळीचा बाजार आहे आणि त्याने त्याची पाच कारणे दिली आहेत. या विक्रीशी माझा संबंध दोन सदरे विकत घेण्यापुरताच आहे. त्यांतला एक पहिल्याच धुण्यात आखडला, त्यामुळे मी विक्रेत्यांवर फार प्रसन्न आहे असेही नाही.

पहिले कारण इतिहासाचे आहे. संदेश म्हणतो की स्वातंत्र्यलढ्यात खादी हे केवळ प्रतीक होते, पैसा देणग्यांतून आला आणि कपडे विकून चळवळ चालवण्याची कल्पना इंग्रजाळलेल्या पिढीने परदेशातून उचलली आहे. यातला देणग्यांचा भाग खरा आहे. काँग्रेसच्या टिळक स्वराज्य फंडासाठी ३० जून १९२१ पर्यंत एक कोटी रुपये जमवण्याचे ठरले होते आणि ते जमले, ते लोकांनी दिलेल्या पैशातून आणि दागिन्यांतून. परंतु १९२४ च्या डिसेंबरात बेळगावच्या अधिवेशनात, ज्याचे अध्यक्ष स्वतः गांधी होते, काँग्रेसच्या सभासदत्वाची वर्गणीच दरमहा २००० वार सूत अशी ठरली होती. ज्याला कातणे जमत नसेल त्याने दुसऱ्याकडून कातून घेतलेले सूत द्यावे, अशी सवलत होती. सुताऐवजी नाणे मात्र चालणार नव्हते. हा प्रयोग फसला हेही सांगितले पाहिजे. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला वर्गणी वर्षाला चार आणे किंवा स्वतः कातलेले २००० वार सूत अशी सैल करावी लागली आणि तेथेच खादीचे उत्पादन व विक्री पाहण्यासाठी अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला.

खादीने काँग्रेसची तिजोरी भरली, असे मी म्हणत नाही. खादीचा पैसा मुख्यतः कातणाऱ्या आणि विणणाऱ्या हातांकडे गेला आणि त्या व्यवहारातून गावोगावी भांडारे, कार्यकर्ते आणि ओळखी उभ्या राहिल्या, ज्यांच्या आधाराने पुढची आंदोलने चालली. म्हणजे कापड प्रतीक होते आणि व्यवहारही होता. महाराष्ट्रात त्याच्याही आधी पैसाफंडाने एकेक पैसा गोळा करून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना काढला होता. राजकीय ध्येय आणि दुकानाचा हिशोब एका वहीत लिहिण्याचे आपल्याला वावडे नव्हते. राहिला परदेशाचा मुद्दा. ब्रिटनमध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेने १९०८ मध्ये जांभळा, पांढरा आणि हिरवा हे आपले रंग ठरवले, त्या रंगांच्या फिती, पट्टे आणि बिल्ले स्वतःच्या दुकानांतून विकले आणि त्या विक्रीचा पैसा लढ्यात घातला. तेव्हा ही कल्पना परदेशातही आहे, परंतु तिचे वय शंभराच्या पुढे आहे. तिला नवे फॅड म्हणता येणार नाही.

याच मुद्द्याच्या ओघात संदेशात ‘कपड्यात राजकारण कशाला’ असे एक वाक्य येऊन गेले आहे. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी दलित स्त्रियांना सांगितले होते की, जातीची खूण ठरणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा. कोणी काय नेसावे, कसे नेसावे आणि कोणते सूत अंगाला लावावे हे ज्या समाजात जन्मावरून ठरत होते, तेथे कपड्यात राजकारण आधीच विणलेले होते. खादीवर आंबेडकरांचा विश्वास नव्हता आणि त्यांनी सूट घातला. तोही कपड्याविषयीचा राजकीय निर्णयच होता.

दुसरे कारण किमतीचे आहे आणि संदेश सर्वाधिक फिरतो तो त्यामुळे. बाजारात चारशे रुपयांना मिळणारा सदरा बाराशेला विकणे ही चळवळीच्या नावाने केलेली लूट आहे, असे त्यात म्हटले आहे. ही तुलनाच चुकीची आहे, कारण ते दोन सदरे एका जातीचे नाहीत. आपल्याच जिल्ह्यात मालेगाव आहे, जेथे यंत्रमाग दिवसरात्र चालतात आणि एक कामगार एकाच वेळी अनेक मागांवर लक्ष ठेवतो. आणि आपल्याच जिल्ह्यात येवला आहे, जेथे पैठणीच्या एका साडीवर विणकर कित्येक आठवडे, नक्षी दाट असेल तर महिनेही बसतो. साध्या सुती कापडाला पैठणीइतका वेळ लागत नाही, तरीही हातमागावर दिवसभरात जेमतेम काही मीटर निघतात आणि एका सदऱ्याला दोन-सव्वादोन मीटर लागतात. म्हणजे एका सदऱ्यात विणकराच्या दिवसाचा मोठा वाटा असतो, शिवाय कांड्या भरणे, ताणा लावणे, रंगवणे ही बहुधा घरातल्या बायकांनी केलेली आणि बहुधा कोणी न मोजलेली कामे वेगळीच.

ही चर्चा नवी नाही. १९३५ साली गांधींच्या आग्रहावरून चरखा संघाने कातणाऱ्याला पोट भरेल इतकी मजुरी द्यावी, असा ठराव केला, तेव्हा खादी महाग होईल आणि गिऱ्हाईक पळेल असा आक्षेप संघाच्या आतूनच आला होता. आक्षेप खोटा नव्हता, खादी महागली. तरीही स्वस्त खादीसाठी कातणारीला उपाशी ठेवणे ज्या कामासाठी खादी काढली त्याच्याच विरुद्ध आहे, हा युक्तिवाद टिकला. स्वस्तपणाची किंमत दुसरीकडे कोणीतरी भरत असतो. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली, ती बहुतेक युरोप-अमेरिकेच्या दुकानांसाठी स्वस्त कपडे शिवणारी होती. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले असतानाही त्यांना कामावर बोलावले गेले होते.

येथे विक्रेत्यांच्याही एका चुकीकडे बोट दाखवतो. त्यांच्या फलकावर ‘यंत्रावरचे कापड म्हणजे शोषण’ अशा अर्थाचा मजकूर होता. मालेगावातील मागावर उभ्या असणाऱ्या माणसाला तो वाचून काय वाटेल? हातमागावरही मजुरी बुडवता येते आणि यंत्रमागावरही नीट देता येते. नैतिकता मागाच्या प्रकारात नसते, ती मजुरीच्या वहीत असते. दुसरीकडे संदेशकर्त्याने या मालाला सरसकट ‘खादी’ म्हटले आहे, तेही बरोबर नाही. खादीत सूतही हाताने कातलेले लागते आणि त्या नावाने माल विकण्यासाठी खादी आयोगाचे प्रमाणचिन्ह घ्यावे लागते. विक्रेत्यांनी चिठ्ठीवर ‘हातमाग’ एवढेच छापले होते, ते योग्यच होते.

तिसरे कारण म्हणून २०१४ मधील ब्रिटनचे एक उदाहरण दिले आहे. फॉसेट सोसायटी या स्त्रीहक्क संस्थेसाठी स्त्रीवादाची घोषणा छापलेले टी-शर्ट ४५ पौंडांना विकले जात होते आणि एका वृत्तपत्राने ते मॉरिशसमध्ये तासाला ६२ पेन्स मिळवणाऱ्या बायकांनी शिवल्याचे छापले. एवढे खरे आहे. संदेशात पुढचा भाग नाही: संस्थेने चौकशी केली आणि कारखाना ठरलेल्या निकषांत बसतो असे दाखवणारा पुरावा आपल्याला मिळाल्याचे नंतर जाहीर केले. तरीही मी हे उदाहरण विक्रेत्यांच्या बाजूने वापरणार नाही. कपडा विकण्याआधी संस्थेच्या हाताशी असायला हवी होती ती माहिती तिला आरोप झाल्यावर शोधावी लागली, हा दोष उरतोच. पण त्यावरून ‘असे सगळेच ढोंगी’ हा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो एवढाच की शिवणारीची मजुरी आधी विचारावी.

चौथे कारण कायद्याचे आहे आणि ते थोडक्यात निकालात काढता येते. राजकीय मागणीसाठी माल विकणे गुन्हा आहे, असे संदेश छातीठोकपणे सांगतो. असा कायदा नाही. माल विकणाऱ्याने पावती द्यावी, लागू असेल तो जीएसटी भरावा, नफ्यावर आयकर द्यावा आणि उरलेला पैसा वनहक्काच्या अपिलांना द्यावा, यात बेकायदा काही नाही. बंधने आहेत, पण ती वेगळ्या जागी आहेत. करसवलत घेणाऱ्या धर्मादाय न्यासाला राजकीय पक्षाला पैसा देता येत नाही. परदेशी देणगी पक्षांना आणि राजकीय स्वरूपाच्या संघटनांना २०१० च्या कायद्याने घेता येत नाही. सार्वजनिक वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, हे प्रत्येक गणेश मंडळाला ठाऊक आहे. शिवाय येथे पैसा कोणत्याही पक्षाकडे जात नव्हता. वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो, दावा फेटाळला गेला तर साठ दिवसांत वरच्या समितीकडे जाता येते आणि त्यासाठी नकाशे, नकला, तालुक्याच्या हेलपाट्या लागतात. ही आणि इतर मागण्या घेऊन ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेले शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला गेले होते. मागणी राजकीय आहे. तिचा खर्च मात्र बहुतांशी झेरॉक्स आणि एसटीच्या भाड्याचा आहे.

पाचव्या कारणापुढे मला बरीच माघार घ्यावी लागते. कळकळ असेल तर थेट पैसे द्या, सदरा कशाला, असे संदेश विचारतो. समजा बाराशेच्या सदऱ्यात कापड, शिलाई, काजे-बटणे, जागेचे भाडे आणि कर जाऊन शंभर रुपये उरले आणि ते सगळे अपिलाला गेले. ज्याला वनहक्कासाठी बाराशे रुपये द्यायचे आहेत त्याने ते थेट दिले तर अपिलाला बारापट मदत होते, यात वाद नाही. पण प्रदर्शनात आलेल्या माणसाला सदरा घ्यायचाच होता. तो त्याने मॉलमधून घेतला असता तर विणकराला काही मिळाले नसते आणि अपिलालाही काही नाही. सदरा देणगीची जागा घेत नाही, दुसऱ्या सदऱ्याची जागा घेतो. ज्याला सदरा घेतल्यावर आपले कर्तव्य संपले असे वाटते, त्याच्या बाबतीत मात्र संदेशकर्ता बरोबर आहे.

‘नफ्यातील काही भाग’ हे शब्द विक्रेत्यांच्या फलकावर होते आणि माझ्या मते सगळ्या संशयाचे मूळ तेच होते, कारण काही भाग म्हणजे नव्वद टक्केही आणि दोन टक्केही. मी त्या मुलांना सुचवले की पुढच्या खेपेला चिठ्ठीवर तीन आकडे छापा: विणकराला किती, शिवणारीला किती आणि अपिलांना किती. त्यांना ते पटले. तिसरा आकडा फारच लहान दिसेल, एवढीच एकाची तक्रार होती. दिसू द्या, असे मी म्हणालो.