पोरगं म्हणजे लोखंड नाही हो

सोसायटीच्या ग्रुपवर परत तो फॉरवर्ड आलाय, "आजकालची पोरं नाजूक का झाली". मॅच हरल्यावर घरी नेतानाच पोराला चुका ऐकवा, लोखंड गरम असताना घण घाला, रडू देऊ नका, सचिन तेंडुलकर त्याच्या कोच आचरेकर सरांचा मार खाऊन घडला, बास्केटबॉलवाल्या मायकल जॉर्डनला शाळेच्या टीमने हाकललं म्हणून तो घडला, खोटं कौतुक करू नका, आणि तरी सुधारला नाही तर खेळ बंद करून क्लासला घाला. खाली अंगठ्यांची रांग.

घण घालून मी बघितलाय. गेल्या वर्षी आमचा 13 वर्षांचा पोरगा शाळेकडून कबड्डी खेळत होता, मॅच बरोबरीत, शेवटची रेड याची, आणि कुणाला हात लागायच्या आधीच पाय लॉबीत, म्हणजे कडेच्या पट्टीत, जिथे कुणाला शिवल्याशिवाय जाता येत नाही. आउट, एका पॉइंटने मॅच गेली. ठाणे स्टेशनकडून घरी कासारवडवलीला निघालो, घोडबंदरचा ट्रॅफिक तुम्हाला माहितीच आहे, माजिवड्यापासून सव्वा तास मी बोलतोय आणि तो खिडकीतून मेट्रोचे खांब बघतोय. गाडीतून उतरून पळता येत नाही म्हणून बसला होता, बाकी काही नाही. दोन दिवस प्रॅक्टिसला गेला नाही.

तिसऱ्या दिवशी जेवताना आपणहून म्हणाला, बाबा, त्यांचा लेफ्ट कव्हर, डावीकडचा डिफेंडर, पुढे आला ना, मी त्याच्याच पायाकडे बघत होतो, लाईन दिसलीच नाही. सव्वा तासात मला हे काढता आलं नव्हतं! मग वहीत पॉइंट मांडले तर पहिल्या हाफला टीमवर दोन लोण चढलेले, म्हणजे दोनदा अख्खी टीम आउट, दर वेळी समोरच्यांना दोन जादा पॉइंट, म्हणजे चार पॉइंट तिथेच गेलेले, त्याला मात्र फक्त स्वतःचा पाय आठवत होता.

आता सचिन. मार पडला हे खरंय, त्यानेच सांगितलंय, पण आउट झाला म्हणून नाही. आचरेकर सरांनी ठरवून दिलेली मॅच सोडून हा वानखेडेवर सीनियर टीमची मॅच बघायला गेला होता म्हणून. वनडेतल्या पहिल्या दोन्ही डावांत शून्यावर गेला, 1989 ला गुजरानवाला, 1990 ला ड्युनेडिन, तरी तिसरी मॅच मिळालीच ना?

जॉर्डनलाही कुणी हाकललं नव्हतं, शाळेच्या मोठ्या टीमऐवजी ज्युनियर टीममध्ये घेतलं, तिथे तो खेळला.

आणि रडण्याचं म्हणाल तर नेरूळला डी वाय पाटीलवर काय झालं ते विसरलात का? 2025 च्या महिला क्रिकेट वर्ल्डकपमध्ये आपल्या जेमिमा रॉड्रिग्सला एका मॅचला बाहेर बसवलं होतं, 30 ऑक्टोबरला सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाने 339 चं टार्गेट दिलं, ही 127 नाबाद, आणि नंतर सगळ्यांसमोर सांगितलं की टेन्शनने रडायचे, आईला फोन करून रडायचे, टीममधल्या मुली सोबत बसायच्या. नाजूक म्हणायचं का हिला?

खोटं कौतुक नको हे मात्र पटलं. "छान खेळलास" म्हटलं की पोरांना लगेच कळतं.

खेळ बंद करायचं तर बोलूच नका. आमचा परवा परत हरला. स्टेशनजवळ वडापाव घेतले, तिखट चटणी हवी का एवढंच विचारलं, मानपाडा गेलं, पाटलीपाडा गेलं, मी गप्प, जीभ चावून बसलेलो. वाघबीळला तोच म्हणाला, बाबा, ती दुसरी रेड बघितलीस का?

बघितली म्हटलं. सांग.