मल्टीमीटरवर १३.३ व्होल्ट दिसले म्हणजे बॅटरी चांगली? अजिबात नाही

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: ‘लिथियम फॉस्फेट बॅटरी घेताना फसू नका’, म्हणजे इन्व्हर्टर-सोलरला लावतात ती लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. त्यात पाच गोष्टी ठोकून दिल्या आहेत. मल्टीमीटरवर १३.३ व्होल्ट दिसले की माल नवा. ६००० सायकल (एकदा भरणं आणि रिकामं होणं म्हणजे एक सायकल) म्हणजे रोज एक धरून १६ वर्षे बिनघोर. बॅटरी कायम फुल चार्जवर ठेवा. जड असेल आणि सेलवर क्यूआर कोड असेल तर ए ग्रेड. ही बॅटरी पेटत नाही, म्हणून फ्यूज लागत नाही. घरच्या ग्रुपवर हे आलं आणि आत्येभाऊ मल्टीमीटर खिशात घालून सेकंडहँड बॅटरी बघायला निघाला. तेव्हा हे एकदाचं लिहून टाकणं भाग आहे.

आधी व्होल्टेज. इन्व्हर्टरच्या जुन्या, शिशाच्या ट्यूब्युलर बॅटरीत व्होल्टेज बघून चार्जचा अंदाज बांधता येतो, ती सवय इथे चालत नाही. चार सेलच्या १२.८ व्होल्टच्या पॅकमध्ये चार्ज साधारण ३० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत कितीही असला, तरी लोड काढून ठेवलेल्या बॅटरीवर १३ ते १३.३ च्या आसपासच आकडा दिसतो. आणि तो आकडा चार्जबद्दल आहे, क्षमतेबद्दल नाही. १०० अँपिअर-तासांची बॅटरी झिजून ५० वर आली असेल, तरी फुल चार्ज करून ठेवली की तेच १३.३ दाखवते. विकणाऱ्याला फक्त चार्जर लावायचा असतो.

क्षमता कळायचा रस्ता एकच: पूर्ण भरायची, पूर्ण रिकामी करायची आणि मध्ये किती अँपिअर-तास निघाले ते मोजायचं. १४.४ व्होल्टवर चार्ज लावा, करंट ५ अँपिअरपर्यंत उतरला की थांबा, तासभर तशीच राहू द्या. मग गाडीचे १२ व्होल्ट ५५ वॅटचे चार हेडलाइट बल्ब समांतर जोडा. १८ ते २० अँपिअर ओढले जातात. बल्ब फरशीवर ठेवा, वायरपासून लांब, कारण ते भयंकर तापतात. बॅटरी आणि बल्बच्या मध्ये अँपिअर-तास मोजणारा शंटवाला (करंट ज्यातून जाऊन मोजला जातो ती पट्टी असलेला) डीसी मीटर लावा. चांगली बॅटरी पाच तासांच्या पुढे-मागे चालेल. कोणताही एक सेल २.५ व्होल्टवर आला की चाचणी संपली. नवी म्हणून घेताय तर १०० निघायलाच हवेत. जुनीतून ८० निघाले तर भाव ८० चा द्या.

या वेळी प्रत्येक सेलवर वेगळी नजर ठेवा. बीएमएसला (बॅटरीतल्या सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला) ब्लूटूथ असेल तर अ‍ॅपमध्ये चारही आकडे दिसतात. चार्ज होताना एखादा सेल सगळ्यांच्या आधी ३.६५ ला पोहोचला आणि रिकामी होताना तोच सगळ्यांच्या आधी कोसळला, तर त्या सेलची क्षमताच कमी आहे. तो बदलण्यावाचून इलाज नाही. वर आधी पोहोचतो पण खाली शेवटपर्यंत तग धरतो, तर नुसता बॅलन्स बिघडलाय, म्हणजे सेलमधला चार्ज कमी-जास्त झालाय, आणि तो सावकाश चार्जवर सुधारतो. मेसेज लिहिणाऱ्याला हा फरक माहीत असता तर मल्टीमीटरचं नावही निघालं नसतं.

आता ते १६ वर्षांचं गणित, ज्याने सर्वात जास्त नुकसान होणार आहे. डेटाशीटमधले ६००० सायकल २५ अंशांवर, ठरलेल्या करंटने, पुष्कळदा सेल पाट्यांमध्ये दाबून धरून, क्षमता ८० किंवा ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे असतात. दोन तास चार्ज, दोन तास डिस्चार्ज असं अखंड चाललं तर ६००० फेऱ्या पावणेतीन वर्षांत संपतात. म्हणजे त्या आकड्यात १६ वर्षांचं वय मोजलेलंच नाही. सेल वापरला नाही तरी म्हातारा होतो, आणि उष्णता व भरलेला चार्ज त्याला लवकर म्हातारा करतात. शहरातल्या इन्व्हर्टरवर महिन्यात दोन-तीनदा वीज जाते. तिथे सायकल कधीच संपणार नाहीत, चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात माळ्यावर फुल चार्ज होऊन बसलेली बॅटरी मात्र आतून झिजत राहील.

म्हणून ‘कायम फुल ठेवा’ हा सल्ला घातक. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने नेमकं हेच तपासलं आणि २०२४ मध्ये जर्नल ऑफ द इलेक्ट्रोकेमिकल सोसायटीत छापलं: ७५ ते १०० टक्क्यांच्या पट्ट्यात फिरवलेले सेल लवकर खंगले, खालच्या पट्ट्यातले जास्त टिकले. भरलेल्या सेलमध्ये ग्राफाइट लिथियमने गच्च असतं, ते इलेक्ट्रोलाइटशी जास्त झटापट करतं आणि त्यात लिथियम कायमचं अडकून पडतं.

‘फुल ठेवा’ या सल्ल्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य. सेलमधला फरक अगदी वरच दिसतो, त्यामुळे बीएमएसला बॅलन्स करायला आणि टक्केवारी जागेवर आणायला अधूनमधून फुल चार्ज लागतो. महिन्यातून एकदा १४.४ पर्यंत नेऊन तास-दोन तास धरा. एरवी चार्जरमध्ये सोय असेल तर १४ व्होल्टला थांबवा आणि फ्लोट (भरल्यावरही चालू राहणारा हलका चार्ज) बंद ठेवा.

वजनाचं म्हणाल तर हलकी बॅटरी नक्की खोटी: १०० अँपिअर-तासांच्या पॅकमध्ये नुसते सेलच आठ किलोच्या आसपास भरतात. पण वापरून झिजलेला सेल नव्याइतकाच जड असतो. क्यूआर कोड पुन्हा छापता येतो, निळं आवरण नवं चढवता येतं. त्यापेक्षा टर्मिनल बघा, जुन्या पॅकमधून काढल्याच्या, घासलेल्या वेल्डिंगच्या खुणा दिसतात का. सेलची पोटं सपाट आहेत का, तेही पट्टी लावून बघा.

आणि आग. हा प्रकार इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा सुरक्षित आहे, खरंय. पण बिघडलेला सेल हायड्रोजनसह ज्वलनशील वायू सोडतो. एप्रिल २०२१ मध्ये बीजिंगमधल्या याच रसायनाच्या स्टोरेज केंद्रात स्फोट होऊन अग्निशमन दलाचे दोन जवान गेले. घरातही इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर पाना आडवा पडला तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात, वायर लाल होते. पॉझिटिव्हला, बॅटरीपासून वीतभर अंतरातच, डीसीसाठीचा फ्यूज बसवा. घरातल्या एसी बोर्डावरचा एमसीबी त्या जागी चालत नाही, डीसीची ठिणगी तो तोडू शकेल याचा भरवसा नसतो.