खुलासा : कॅनडात ‘सगळ्यांना सगळं फुकट’ नाही

मुलांकडे निघालेल्या आईबाबांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘कॅनडात दवाखाना सगळ्यांना फुकट, अमेरिकेत सगळं खाजगी.’ यातलं एकही वाक्य खरं नाही.

कॅनडात १९८४च्या कायद्यानुसार डॉक्टरांची तपासणी आणि हॉस्पिटलमधले आवश्यक उपचार प्रांताच्या (तिथल्या राज्याच्या) सरकारी विम्यातून होतात, पण ते तिथल्या विमाधारक रहिवाशांना. केमिस्टकडची औषधं, दात, चष्मा यांचा खर्च बऱ्याच जणांना खिशातून किंवा नोकरीच्या विम्यातून करावा लागतो. डॉक्टरही बहुतेक सरकारी नोकर नसतात. प्रॅक्टिस स्वतःची, बिल प्रांताला.

अमेरिकेत १९६५पासून ज्येष्ठांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड हा सरकारी आरोग्य विमा आहे, म्हणजे सगळं खाजगी नाही.

आता कॅनडात पाहुणे म्हणून जाणाऱ्यांचं. हॉस्पिटलच्या काउंटरवर हेल्थ कार्ड, म्हणजे प्रांताच्या विम्याचं कार्ड मागतात. ते नसलं की बिल तुमच्या नावावर. सुपर व्हिसासाठी (मुला-नातवंडांकडे जास्त काळ राहायला जाणाऱ्या आईबाबांचा, आजीआजोबांचा व्हिसा) किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा विमा सक्तीचा आहे. साध्या व्हिजिटर व्हिसाला ही सक्ती नाही, आणि तिथेच माणसं गाफील राहतात. कृपा करून विम्याशिवाय विमानात बसू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर पॉलिसीतलं आधीच्या आजारांचं कलम मुलांकडून नीट वाचून घ्या.