पुतळ्यांची उंची पुरे झाली, आता जरा जांभ्याकडे बघू

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा नवा पुतळा उभा राहिल्यापासून आमच्याकडे एकच चर्चा आहे, आधीचा ३५ फुटांचा होता, हा ६० फुटांचा. डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला पहिला पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, तेव्हा संताप मलाही आला होता. महाराजांच्या बाबतीत असली हयगय कोण खपवून घेईल? पण त्या सगळ्या गदारोळात आपण शिल्पाबद्दल बोललो ते फक्त फुटांत आणि कोटींत.

माझं म्हणणं सरळ आहे. कोकणात आता राबणाऱ्या माणसांची शिल्पं व्हायला हवीत, आणि ती चौथऱ्यावर चढवायची नाहीत.

'आहेत की!' असं कुणीतरी म्हणेलच. हो, आहेत. नाक्यावर फायबरची कोळीण असते, डोक्यावर टोपली, चकचकीत रंगवलेलं लुगडं, खाली एलईडी. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर खऱ्या कोळणीला मात्र पाटी मांडायला धड जागा मिळत नाही. भातलावणीच्या बायकांचंही तेच. इतक्या गुळगुळीत की दिवसभर वाकून यांची कंबर कधी भरून आली असेल असं वाटतच नाही. याला मी शिल्प म्हणत नाही, सेल्फी पॉइंट म्हणतो.

खरं तर आपल्याकडे याहून चांगली सुरुवात झालेली होती. अलिबागजवळच्या सासवण्याचे नानासाहेब करमरकर (१८९१-१९६७). पुण्यातला १९२८ चा अश्वारूढ शिवपुतळा त्यांचा. पण त्याच माणसाने सिमेंटमध्ये म्हैस घडवली, आजूबाजूची साधी माणसं घडवली. सासवण्याचं त्यांचं शिल्पालय बघितलं नसेल तर आधी बघून या, मग माझ्याशी भांडा.

आणि तिकडे शांतिनिकेतनात शिल्पकार रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये 'संथाल कुटुंब' उभं केलं. चंबूगबाळं घेऊन निघालेलं जोडपं, कावडीच्या टोपलीत पोर, सोबत कुत्रा. बैठक इतकी बुटकी की आपण त्यांच्या बाजूनेच चालतोय असं वाटावं. बनवलं कशाचं? सिमेंट आणि जांभ्याची खडी. जांभा! तोच कोकणातला लाल दगड, जो आपल्या पायाखाली मैलोन् मैल पसरलाय.

आपण मात्र त्या जांभ्याचे चिरे, म्हणजे बांधकामाचे ठोकळे, काढतो आणि खड्डे ठेवून देतो. चिरेखाणीवर राबतात ते बहुतेक कर्नाटकातून आलेले. खाणीच्या कडेलाच झोपडं, कटर मशीनची धूळ नाकातोंडात, पोरं तिथेच मातीत. ताजा चिरा मऊ असतो, वारा लागला की घट्ट होतो. त्या चिऱ्यांच्या भिंतींत आपण पिढ्यान् पिढ्या राहतोय, आणि काढणाऱ्याचं नाव विचाराल तर 'तो कानडी' एवढंच उत्तर मिळेल. चंद्रपूरच्या सास्तीचे चित्रकार प्रभाकर पाचपुते खाणकामगारांच्या घरातले. खाणीची गोष्ट ते कोळशानेच सांगतात. हे आपल्याला जांभ्यात का सुचू नये?

अवघड विषयही आहेत, नाही असं नाही. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं खोतांविरुद्ध संप केला. संपाचे नेते नारायण नागू पाटलांचा अर्धपुतळा करणं सोपं आहे. पण संप म्हणजे न केलेलं काम. सहा वर्षं न नांगरलेलं शेत, चूल पेटती ठेवायला विकलेली मोळी, हे कसं घडवणार? महाडला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांमागून चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्या हजारोंचं काय? त्यांचे चेहरे कुणाकडेच नाहीत. मला वाटतं, आजच्या शिल्पकाराचं काम इथेच सुरू होतं, जिथे समोर ठेवायला फोटो नसतो.

म्हणून एक सुचवतो. सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, एखादी बंद पडलेली चिरेखाण तरुण शिल्पकारांच्या हाती द्या. खाणीवर आयुष्य काढलेल्यांना रोजंदारीवर नव्हे, जोडीदार म्हणून घ्या, आणि त्यांची नावं कोरा, मराठीत आणि कानडीतही. उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यावर भांडण होणारच, ते नंतर बघू.

'पैसे कोण देणार?' असं कमेंटमध्ये विचारणाऱ्यांसाठी आधीच सांगतो, दगड इथलाच आहे, हात इथेच आहेत. आणि चौथऱ्याचा खर्च तर वाचलाच.