‘बेळगावला या’ : त्या मेसेजला एका बेळगावकराचं उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा : ‘पुणे-बंगळूरची कोंडी सोडा, बेळगावला या. हे गरिबांचं महाबळेश्वर, इथे पंखासुद्धा लागत नाही. हवामान बदलाची झळ नाही, पाण्याला तोटा नाही. आयटी येतंय, पाच वर्षांत दुसरं बंगळूर होणार. तोवर वर्क फ्रॉम होम आहेच. भाषेची अडचण नाही, सगळे मराठी. पुणे, गोवा, बंगळूर हाकेच्या अंतरावर.’

मी बेळगावातल्याच शहापूरचा. उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीत 26 वर्षं काढली, आधी फाउंड्रीत (लोखंड वितळवून ओततात त्या कारखान्यात) आणि मग मशीन शॉपमध्ये. या गावावर माझा जीव आहे. म्हणूनच हा मेसेज वाचून कुणी पुण्यातला फ्लॅट विकायला काढला की मला झोप लागत नाही. आमच्या नात्यात एकाने ते केलंय, त्याचं पुढे सांगतो.

पहिला मुद्दा पंख्याचा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर आहे. संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो, एप्रिल-मे मध्ये एखादा वळीव पडला की रात्री पांघरूण घ्यावं लागतं. एवढं खरं आहे. पण एप्रिलमधलं दुपारचं सरासरी कमाल तापमान इथे 35-36 अंश असतं आणि बंगळुरात साधारण 34. म्हणजे उन्हाला कंटाळून बंगळूर सोडणारा माणूस थोड्या जास्त उन्हात येतो. पुण्याहून येणाऱ्याला दोन-तीन अंशांचा फायदा होईल. आणि ‘बेळगाव’ म्हणून जिल्ह्यात कुठेही जागा घेऊ नका. खानापूरच्या जंगलपट्टीत आणि अथणी-रायबागच्या माळावर एकच जिल्हा असला तरी हवा एक नाही. अथणी-रायबागकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो आणि पाऊस शहराच्या निम्माही पडत नाही.

आता ‘झळ नाही, पाण्याला तोटा नाही’. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने 2019 चा ऑगस्ट इथे पाहिलेला नाही. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय सगळ्या एकदम चढल्या. गोकाकमध्ये पाणी घराघरांत शिरलं, चिक्कोडी आणि अथणी तालुक्यांतली कृष्णाकाठची गावं उठवावी लागली. राष्ट्रीय महामार्ग बंद पडला आणि पुणे-बंगळूर रस्त्यावर ट्रकच्या रांगा दिवसेंदिवस उभ्या राहिल्या. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी रस्त्यावर आलं. शहरातसुद्धा बळ्ळारी नाला दर पावसाळ्यात फुगतो आणि शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातलं भात पाण्याखाली जातं. हे बेळगाव बासमतीचं शिवार. नवे येणारे ज्या स्वस्त प्लॉटच्या जाहिराती बघतात त्यातले काही याच पट्ट्यातले असतात. जुना शेतकरी तुम्हाला बोट दाखवून सांगेल, इथे श्रावणात कमरेएवढं पाणी असतं. एजंट ते सांगणार नाही.

आणि चार वर्षांत दोन महापूर बघितलेल्या याच गावात 2023 च्या जूनमध्ये राकसकोप धरणाचा तळ दिसला. पाऊस लांबला, नळाला पाणी येण्याचे दिवस आणखी लांबले, टँकर फिरू लागले. शहराला पाणी येतं ते मार्कंडेयवरच्या राकसकोपमधून आणि घटप्रभेवरच्या हिडकलमधून. वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यापेक्षा बराच जास्त, पण त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. तो कुठे साठतो आणि आपल्या गल्लीत दर किती दिवसांनी येतो, यावर घर चालतं. काही वॉर्डांत 2008 पासून चोवीस तास पाण्याची योजना आहे, बाकीच्या भागांत दिवस मोजून भांडी भरायची. दोन घरांमध्ये अर्ध्या किलोमीटरचं अंतर आणि एवढा फरक! 2024 च्या मार्चमध्ये बंगळुरात बोअर आटले म्हणून तिथून पळ काढणाऱ्यांनी इथे आल्यावर पहिला प्रश्न बेडरूम किती हा विचारू नये, पाणी कधी येतं हा विचारावा.

तिसरा मुद्दा आयटीचा. इथे मी जास्त थांबणार, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

कर्नाटक सरकारचं बंगळूरबाहेर उद्योग नेण्याचं धोरण आहे, त्यात हुबळी-धारवाड-बेळगाव असा एक पट्टा धरलेला आहे. ही घोषणा खरी आहे. पण घोषणा आणि पगाराची चिठ्ठी यांत किती अंतर असतं ते हुबळीला विचारा. तिथे इन्फोसिसचा एवढा मोठा कॅम्पस बांधून तयार झाला, तरी प्रत्यक्ष काम सुरू व्हायला 2022 उजाडलं. बेळगावात सॉफ्टवेअरच्या लहान कंपन्या आहेत, चांगली मुलं त्या चालवतात. पण एक नोकरी गेली तर त्याच तोडीची दुसरी त्याच गावात मिळेल, एवढं दाट जाळं इथे नाही. बंगळूर किंवा पुण्याचं बळ तेच आहे. 1998 मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचं मुख्यालय इथे मच्छेला आहे, गावात इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, आणि तरी दर जूनमध्ये पास झालेली मुलं बॅगा भरून स्टेशनवर दिसतात. दुसरं बंगळूर होऊ घातलेल्या गावातून पोरं अशी जात नाहीत.

वर्क फ्रॉम होमवर तर विसंबूच नका. माझा भाचा 2021 मध्ये पुण्यातला फ्लॅट विकून आला. कंपनीने ‘कायम घरून’ असं सांगितलं होतं, पण ऑफर लेटरमध्ये तसं एक अक्षर नव्हतं. त्याने टिळकवाडीत कर्ज काढून घर घेतलं, मुलीला इथल्या शाळेत घातलं. दोन वर्षांनी ईमेल आला : आठवड्यात तीन दिवस ऑफिस. तेव्हापासून तो रविवारी रात्रीच्या बसने जातो, पुण्यात कॉट बेसिसवर राहतो आणि गुरुवारी पहाटे परत येतो. हप्ता इथे, भाडं तिथे. मुलगी दर रविवारी संध्याकाळी त्याची बॅग लपवते.

पण मेसेज लिहिणाऱ्याला टेक म्हणजे फक्त कोडिंग वाटतं, याचा मला राग जास्त आहे. बेळगावचं तंत्रज्ञान लोखंडात आहे. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फाउंड्रींत इंजिनांची आणि गाड्यांची कास्टिंगं (ओतीव भाग) होतात, हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्हसाठी हे गाव देशात ओळखलं जातं. हत्तरगीला एक्वस या कंपनीचं विशेष आर्थिक क्षेत्र 2009 पासून आहे. एअरबस आणि बोइंगच्या विमानांचे भाग तिथे घडतात. सीएनसी, व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनचं प्रोग्रॅमिंग येणारा, सीएमएम या मोजणीच्या मशीनवर मोजमाप करणारा, टूल डिझाइन जाणणारा, अशा माणसाच्या शोधात इथे मालक फिरतात. डिप्लोमा झालेला पोरगा मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, विचार करायला शिकला की त्याला पुण्याला जायची गरज उरत नाही. निपाणीकडच्यांना तर कागलची एमआयडीसीही जवळ. पगार सुरुवातीला आयटीएवढा नाही, हे मान्य. पाळ्या असतात, हात काळे होतात. पण हे काम आज आहे, पाच वर्षांनी येणार असलेलं नाही. मेकॅनिकलवाला असाल तर त्या मेसेजपेक्षाही जोरात मी म्हणेन, या.

‘भाषेची अडचण नाही’ हे बाजारापुरतं खरं. खडेबाजारात, गणपत गल्लीत तुमचं मराठीवर भागेल. पण जमिनीचा उतारा, महापालिकेची नोटीस, खरेदीपत्र कन्नडमध्ये असतं. वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. शाळा कुठल्याही माध्यमाची असली तरी 2015 च्या कायद्याने कन्नड शिकावं लागतं, आणि सातवी-आठवीतलं मूल आणलंत तर त्याला ते जड जातं. मुलांच्या पुढच्या प्रवेशाचा विचार आत्ताच करा : कर्नाटकाच्या सीईटीत सरकारी जागांसाठी साधारणपणे किमान सात वर्षं इथे शिकलेलं असावं लागतं, आणि महाराष्ट्रात सीमाभागातल्या 865 गावांच्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद आहे, पण तिच्या कागदपत्रांच्या अटी आहेत. मधल्या मध्ये मूल दोन्हीकडून सुटायला नको. एमएच पासिंगची गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवलीत तर नंबर बदलून घ्यावा लागतो, रोड टॅक्स पुन्हा. आणि सीमाप्रश्न पेटला की काय होतं तेही माहीत असू द्या. 2025 च्या फेब्रुवारीत दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस थांबल्या होत्या. एरवी शेजारी-शेजारी आम्ही कन्नड-मराठी एकमेकांच्या लग्नात वाढायला उभे असतो, भांडण गल्लीत नसतं. पण बस थांबते ती सगळ्यांचीच.

हाकेच्या अंतराबद्दल एवढंच : बंगळूर 500 किलोमीटर आहे, 2025 मध्ये सुरू झालेल्या वंदे भारतनेही साडेआठ तास लागतात. पुणे साधारण 340. महिन्यातून एकदा ठीक, दर आठवड्याला काय होतं ते भाच्याच्या डोळ्यांखाली दिसतं.

परवा त्याच्या ऑफिसातल्या एका मित्राने मला फोन केला. काका, मीही येऊ का, म्हणाला. मी म्हटलं, ये, पण पुण्याचं घर विकू नकोस. कंपनीकडून घरून कामाचं लेखी घे. मग इथे भाड्याने राहा, जूनला ये आणि पुढच्या मेअखेरपर्यंत थांब. जुलैत ज्या प्लॉटवर डोळा आहे तिथे छत्री घेऊन जा. एप्रिलमध्ये त्याच गल्लीतल्या बायकांना विचार, नळाला शेवटचं पाणी कधी आलं होतं.