काकांचा चालता कॉम्प्युटर भंगारात काढायला निघालेल्यांना

‘विंडोज १० बंद झालं, नवा कॉम्प्युटर घ्या’ हा व्हॉट्सअॅपवरचा फॉरवर्ड मी कित्येक महिने वेगवेगळ्या ग्रुपवर बघत होते आणि सोडून देत होते. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, लग्नासाठी काढलेल्या आणि लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी कोणी बंद न केलेल्या ग्रुपवरही आला. पण गेल्या आठवड्यात तो मिरजेच्या काकांपर्यंत पोचला, आणि काका थेट दुकानात जाऊन कोटेशन घेऊन आले. नवा डेस्कटॉप, नवा प्रिंटर (जुना ‘आता चालणार नाही’ म्हणे), वर अँटिव्हायरस. काका निवृत्त आहेत. पेन्शन जमा झाली का बघतात, सोसायटीचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवतात, वर्षातून एकदा रिटर्न भरतात. त्यांनी हे सगळं घ्यायचं, कारण कुणीतरी लाल अक्षरांत ‘तातडीची सूचना’ लिहिलंय म्हणून. आता मात्र गप्प बसवत नाही.

मजकूर थोडक्यात असा: १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० बंद झालं. कॉम्प्युटर सुरूच होणार नाहीत. वर्ड-एक्सेल उघडणार नाही. विंडोज १० वर नेटबँकिंग केलं आणि पैसे गेले तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँक जबाबदार नाही. जुन्या मशीनमध्ये ‘सिक्युरिटी चिप’ नसते, म्हणून नवीन मशीनला पर्याय नाही. आणि सगळ्यात खाली: विंडोज ११ फुकट हवं असेल तर या लिंकवर जा किंवा ‘मायक्रोसॉफ्ट हेल्पलाइन’ला फोन करा. पुढे दहा आकडी मोबाइल नंबर.

‘कॉम्प्युटर सुरूच होणार नाही.’

काकांनी हा मेसेज व्हॉट्सअॅप वेबवर वाचला. कॉम्प्युटरवर. विंडोज १० च्या. तारीख उलटून गेल्यावर. यापुढे काय बोलायचं?

तारीख खरी आहे, तेवढं मान्य. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या फुकट मिळत. १४ ऑक्टोबर २०२५ हा असाच एक मंगळवार, सगळ्यांना सरसकट मिळणाऱ्या दुरुस्त्यांचा शेवटचा. मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टच्या पानावर स्वच्छ लिहिलंय की विंडोज १० चे पीसी यापुढेही चालत राहतील, फक्त नवीन दुरुस्त्या आणि तांत्रिक मदत मिळणार नाही. मी या लेखात पुन्हा पुन्हा त्याच पानाचा आधार घेणार आहे, कारण फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ते उघडलं असतं तर निम्मा मजकूर लिहिताच आला नसता.

‘वर्ड-एक्सेल उघडणार नाही.’

उघडतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या अॅपना विंडोज १० वर सुरक्षेच्या दुरुस्त्या १० ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. विंडोजमध्येच येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस व्हायरसची नवी माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत घेत राहणार, आणि एज ब्राउझरही निदान तोपर्यंत चालू आहे. अर्धं सत्य एवढंच, की ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचा सपोर्टही त्याच दिवशी संपला. तेही उघडतं, पण त्याच्या दुरुस्त्या थांबल्या. बाहेरून आलेली अनोळखी वर्डची फाईल त्यात उघडू नये, हे मात्र काकांना बजावून सांगितलंय. प्रिंटरचं तर काही बोलूच नका. काल छापत होता, आज छापतोय.

‘पैसे गेले तर बँक जबाबदार नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.’

कुठला नियम? नंबर, तारीख, काही? या बाबतीत ज्याचा आधार घेतला जातो ते परिपत्रक ६ जुलै २०१७ चं. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी किती, हे त्यात ठरवून दिलंय. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला तोशीस नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, आणि बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली, तरीही नाही. ग्राहकाने स्वतःच पिन-पासवर्ड दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याच्या गळ्यात. आणि जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं काम बँकेवर. विंडोज दहा की अकरा, हा शब्दही त्यात नाही.

रिझर्व्ह बँकेचं नाव घेतलं की वयस्कर माणूस घाबरतो, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. का घाबरवायचं, ते शेवटच्या ओळीत कळतं.

‘या लिंकवर जा, या नंबरवर फोन करा.’

बाकी सगळा मूर्खपणा आहे, पण ही ओळ मूर्खपणाची नाही. वरचा सगळा मजकूर या एका ओळीसाठी लिहिलेला आहे असं माझं मत झालंय.

आधी साधी गोष्ट. विंडोज ११ चं अपग्रेड लायक मशीनला खरंच फुकट आहे, आणि ते सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर आपोआप दिसतं. त्यासाठी व्हॉट्सअॅपवरची लिंक लागत नाही. आणि जगातली एवढी मोठी कंपनी भारतातली हेल्पलाइन कुणाच्या तरी मोबाइल नंबरवर चालवेल, हे क्षणभर तरी पटतं का? मायक्रोसॉफ्ट उलट बजावून सांगते की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर नसतो. नंबर दिसला की समजायचं, खोटा.

फोन केल्यावर काय होतं? पलीकडचा माणूस अगदी गोड बोलतो. एनीडेस्कसारखं अॅप टाकायला लावतो, म्हणजे तुमचा स्क्रीन त्याच्याकडे. मग ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची खिडकी उघडून दाखवतो. त्यात लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण यांची रांग असते. “बघा काका, किती व्हायरस!” हे ऐकून कोणाचंही धाबं दणाणेल. पण ती रांग प्रत्येक धडधाकट विंडोजमध्ये असते. एखादी सेवा सुरू व्हायला वेळ लागला, नेटवर्क क्षणभर गेलं, याची ती नोंदवही. माझ्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर उघडली तरी फुल्या दिसतात. मग तो ‘सिक्युरिटी फी’ मागतो, किंवा “रिफंड देतो, नेटबँकिंग उघडा” म्हणतो, स्क्रीन काळा करतो आणि आत काय करायचं ते करून घेतो. विंडोज १० वर राहिल्याने पैसे जातील या भीतीने माणूस पैसे नेणाऱ्यालाच घरात बोलावतो. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

ही माझी कल्पना नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र २’ नावाने देशभर छापे घातले, तेव्हा त्यातल्या काही गुन्ह्यांत तक्रारदार होते अॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट, कारण आपल्याकडची कॉल सेंटरं त्यांच्या नावाने परदेशातल्या लोकांना अशीच फसवत होती. त्या धंद्याला मराठी बोलता येणार नाही असं समजू नका. चुकून कोणी फोन केला असेलच, तर आधी इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० ला तक्रार करा. लाजत बसू नका. बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्याच गळ्यात पडू शकतं.

‘जुन्या मशीनमध्ये चिप नसते.’

इथे दुकानदारही फॉरवर्डच्या बाजूने बोलला, म्हणून जरा सविस्तर. चिपचं नाव टीपीएम. पासवर्ड आणि कुलपाच्या किल्ल्या सुरक्षित ठेवायचं तिचं काम. विंडोज ११ ला तिची २.० आवृत्ती लागते. पण गेल्या आठ-दहा वर्षांतल्या बहुतेक मशीनमध्ये ती सोय प्रोसेसरच्या आतच असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, बंद असते. इंटेलच्या मशीनवर तिचं नाव पीटीटी, एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम. वेगळी चिप विकत घेऊन बसवायची गरज क्वचितच.

काकांच्या मशीनवर मी फोनवरून तपासणी करून घेतली. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर, मग टीपीएम डॉट एमएससी लिहून एंटर. ‘सापडत नाही’ आलं. बायोसमध्ये पीटीटी सुरू करून घेतल्यावर तीच खिडकी २.० दाखवू लागली. म्हणजे चिप होती. तरीही मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ या तपासणीच्या अॅपने नापासच केलं, कारण खरी अडचण वेगळीच. प्रोसेसर आय५-७४००. डॅशनंतरचा पहिला आकडा सात, म्हणजे सातवी पिढी, आणि विंडोज ११ थोडे अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे घेतं. तुमच्याकडे आय५-८४०० असेल तर पास, ७४०० असेल तर नापास. मशीन चांगलं धावतंय, आठ जीबी रॅम आहे, एसएसडी आहे, पण एका आकड्याने गेलं. हा मायक्रोसॉफ्टचा आडमुठेपणा आहे आणि मी त्याची बाजू घेणार नाही. चालत्या मशीनचा ई-कचरा करायला लावणं आणि वर पर्यावरणाच्या गप्पा मारणं, दोन्ही एकाच कंपनीने करू नये.

नियम चुकवून विंडोज ११ टाकायच्या युक्त्या आहेत, भाचे-पुतणे त्या करूनही देतात. काकांसाठी नको. अशा मशीनचा अपडेटवर हक्क राहत नाही, असं त्याच सपोर्टच्या पानांवर लिहिलंय. अपडेटसाठीच तर हा सगळा खटाटोप!

मग करायचं काय? हे फॉरवर्डमध्ये कुठेच नाही, कारण यात विकायला काही नाही. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची योजना काढलीय, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तीस डॉलर किंवा तेवढे स्थानिक पैसे, किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट, किंवा फुकट. फुकटची अट एवढीच, की मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करायचं आणि विंडोज बॅकअपमधून सेटिंग्ज वनड्राइव्हवर जाऊ द्यायच्या. तिथे फोटो आणि डॉक्युमेंटच्या फोल्डरांचे स्विच बंद ठेवा, नाहीतर पाच जीबीची फुकट जागा नातवंडांच्या व्हिडिओंनीच भरेल आणि मग ‘जागा विकत घ्या’चे मेसेज सुरू होतील. विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती असली की विंडोज अपडेटच्या पानावरच नाव नोंदवायची लिंक दिसते. चुलत बहीण जर्मनीत आहे, तिला तर सेटिंग्जचा बॅकअपही द्यावा लागला नाही. युरोपात ग्राहक संघटनांनी रेटा लावला म्हणून तिथे ती अट सुटली, फक्त ६० दिवसांतून एकदा तरी खात्यात लॉगिन लागतं. आपल्याकडे कोणी रेटा लावल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

ऑफिसांची गोष्ट वेगळी. त्यांना पहिल्या वर्षाला मशीनमागे ६१ डॉलर, आणि दर वर्षी दुप्पट, तीन वर्षांपर्यंत. तिथे नव्या मशीनचा हिशेब लवकर जुळतो.

आता उलट्या बाजूचेही एक फॉरवर्ड फिरतंय: ‘काही होत नाही, आमचं जुनं विंडोज एक्सपी अजून चालतंय, अपडेट म्हणजे कंपन्यांचे चाळे.’ हेही तितकंच घातक. मे २०१७ मध्ये फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, ब्रिटनची इस्पितळं ठप्प केली. विंडोजमधल्या ज्या फटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. बळी पडलेली बहुतेक मशीनं विंडोज ७ ची होती, सपोर्ट चालू असलेली, फक्त कोणी अपडेट टाकलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात तीच फट आणि आणखी काही युक्त्या वापरणारा दुसरा हल्ला झाला, तेव्हा आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडकलं होतं. विंडोज १० वर अपडेट न घेता नेटबँकिंग करत राहायचं असेल, तर हे लक्षात असू द्या.

आणि एक दिवस ब्राउझरही साथ सोडेल, हे नाइलाजाने कबूल करते. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोमने ते तीन वर्षं ओढलं आणि १०९ व्या आवृत्तीनंतर सोडून दिलं. विंडोज १० चंही कधीतरी तसंच होईल.

काकांना सांगितलंय: कोटेशन फाडा, फुकटच्या योजनेत नाव नोंदवा, फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढा. ऑक्टोबर २०२६ जवळ आला की तेव्हा काय ते बघू. नवं मशीन घ्यावं, किंवा विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकून बघावं. काका मराठी युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कीबोर्डने टाइप करतात, ते तिथे तसंच चालतं, आणि बँकेची साइट ब्राउझरमध्येच उघडायची असते. ज्यांचं सगळं काम जुन्या डीटीपी (छपाईची पानं लावायच्या) सॉफ्टवेअरवर आणि ते चालायला लागणाऱ्या डाँगलवर, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या किल्लीवर आहे, त्यांनी मात्र लिनक्सच्या वाटेला जाऊ नये, आणि विंडोज ११ घेण्याआधीही सॉफ्टवेअरवाल्याला विचारावं.

काकांनी शेवटी विचारलं, “मग तो मेसेज ग्रुपवर टाकणाऱ्याला काय सांगू?” म्हटलं, काही सांगू नका, त्या नंबरवर फोन केलाय का तेवढं विचारा.